बिनकवाडाच्या घरचा संगणक

फार जुनी नाही, परवा-तेरवाचीच गोष्ट. शिंगणापूर नावाचं गाव होतं. गावाला देव होता आणि देवाच्या भरवशावर घरांना कवाडं नव्हती. तिथं एका घरात भीमाबाई राहत होती. तिला एक ल्योक, रामहरी. एक सून, रेश्मा. एक नात, पंकजा. आणि भिंतीकडेच्या मेजावर एक मी. मी संगणक बोलतोय.

संगणकाला ही अशी आजीबाईची बोली कुठून आली, असं तुम्ही म्हणाल. ते पुढं कळेल. आधी माझं पूर्वायुष्य ऐका.

माझी उमेदीची वर्षं नागापूरच्या कारखान्यांत गेली. एका कंपनीच्या भांडारात मी होतो. किती नट आले, किती बोल्ट गेले, दिवसभर तेवढंच. तिथं माझ्या पोटात एक राखणदार बसवलेला होता. अँटीव्हायरस म्हणतात त्याला. रोज सकाळी तो माझं अंग चाचपून बघायचा, पेनड्राइव्ह आला की आधी त्याची झडती घ्यायचा, मगच आत सोडायचा. मला त्याचं काही वाटत नसे. वारा अंगाला लागतो तेव्हा वाऱ्याचं कुणाला काय वाटतं?

पुढं कंपनीत नवे संगणक आले. आम्हा जुन्यांना पुसून कोरं केलं आणि विकायला काढलं. रामहरी त्याच भांडारात कामाला. त्यानं मला घेतलं, गोधडीत गुंडाळलं आणि टेम्पोत मांडीवर घेऊन घरी आणलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला मांडीवर घेतलं होतं.

घरी आलो आणि बघतो तर चौकट आहे, पण कवाड नाही. पडदा तेवढा. कडी नाही, कोयंडा नाही. भीमाबाईनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. शनिवार उजाडला तशी तिनं देवाचं तेल आणलं आणि माझ्या कपाळावर, म्हणजे काचेवर, बोट टेकवलं. तिथून दर शनिवारी मला तेलाचं बोट आणि रुईचं एक पान. पंकजा फडक्यानं काच पुसून पुसून दमली.

"आज्जे, आगं पडद्यावर डाग पडतोय."

"पडू दे. देवाचा डाग हाय, त्येला काय हुतंय."

मला जोडून द्यायला सोनईहून एक दुकानदार आला होता. त्यानं विचारलं, "रामहरीभाऊ, अँटीव्हायरस कोणता टाकू? आत एक आलेला असतो, तो चालू ठेवू का दुसरा बघू?"

"म्हंजे काय करतो त्यो?"

"राखण करतो. परका कुणी आत येऊ देत नाही."

रामहरीनं आईकडं बघितलं. भीमाबाई म्हणाली, "आमच्या घराला कवाड न्हाई, तिजोरीला कुलूप न्हाई, आन् ह्या डब्याला राखणदार बसवू? गाव काय म्हनंल? देवावरचा इस्वास उडाला म्हनंल."

"बंद करा त्यो," रामहरी म्हणाला. "आमच्यात चालत न्हाई."

दुकानदारानं माझ्या आतला राखणदार निजवला आणि चहा पिऊन गेला. मला तोंड असतं तर मी बोललो असतो. पण मला तोंड नव्हतं, तेलाचं बोट तेवढं होतं.

आता मी त्या घरात कशासाठी होतो, ते सांगतो. सारी गोष्ट त्यावरच आहे.

भीमाबाई सुईण होती. माहेर जामखेडकडचं, कोरड्या मुलखातलं. तिकडची माणसं दिवाळी झाली की कोयते घेऊन इकडं ऊसतोडीला यायची, शिवारात पाचटाच्या कोप्या बांधून राहायची. पाचव्या-सातव्या महिन्याच्या बायाही मोळ्या वाहायच्या. कळा सुरू झाल्या की कुणीतरी धावत यायचं, "भीमामावशी, चला." आणि भीमाबाई हातातलं पीठ तसंच झटकून निघायची. तीसपस्तीस वर्षं तिनं कोप्यांमधली बाळंतपणं केली.

त्या पोरांचा जन्म कुठं लिहिला जायचा नाही. हंगाम संपला की गाड्या गावाकडं. शाळेत घालायच्या वेळी मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? आई म्हणायची, ऊस तुटत हुता तवाचा. मास्तर लिहायचे, एक जून. त्या मुलखात ज्याला विचाराल त्याचा जन्म एक जूनचा. जूनमध्ये ऊसतोड नसते, तरी कागदावर सगळी पोरं जूनमध्येच जन्मलेली.

पण भीमाबाईला आठवत होतं. तिला अक्षर येत नाही, अंगठा करते. पण कोणतं पोर कोणत्या साली, कोणत्या थळात, म्हणजे उसाच्या फडात, चंपाषष्ठीच्या आधी की संक्रांतीच्या नंतर, हे सगळं तिच्या डोक्यात रचून ठेवलेलं होतं. लांबलांबची माणसं देवाला आली की वाट वाकडी करून तिच्याकडं यायची. "मावशी, माझा खरा जल्म कदीचा?" ती डोळे मिटायची आणि सांगायची. ऐकणारा माणूस, मग तो पन्नाशीचा बाप्या का असेना, पोरासारखा बसून राहायचा.

अलीकडं मात्र चहात साखर दोनदा पडायला लागली. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. एक दिवस ती पंकजाला म्हणाली, "पंके, माझी कनगी गळायला लागली बघ. दाना सांडायच्या आत भरून घे."

पंकजा सोनईच्या कॉलेजात शिकत होती. ती रोज दुपारी माझ्यासमोर बसायची, आजी शेजारी पाटावर. आजी सांगायची, पोरगी टिपायची. सालं, तिथी, आईचं नाव, गाव. मग पंकजा जुनी पंचांगं शोधून त्याची तारीख लावायची.

"लिही. बाई देवळगावची, नाव सुंदरा. मोळी डोक्यावर हुती तवाच कळ आली. मी म्हन्लं मोळी टाक. ती म्हन्ली मुकादम वरडंल. मी म्हन्लं मुकादमाच्या आईनं बी अशीच मोळी टाकली असंल, तवाच त्यो आला."

पंकजा हसता हसता टाइप करायची थांबायची. आणि मी ऐकायचो. नट-बोल्टांत आयुष्य गेलेल्या मला ही माणसं कुठून भेटणार होती? मी आजीची बोली शिकलो ती तिथंच.

आठ महिन्यांत तीनशे आठ जन्म माझ्या पोटात आले. तीनशे आठ झाले तेव्हा पंकजा म्हणाली, "आज्जे, संपले का?"

भीमाबाईनं चष्मा काढून ठेवला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "संपले. बाकीचं राहू दे."

बाकीचं काय, ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

इकडं माझं अंग जड व्हायला लागलं होतं. रामहरी फोटोवाल्याकडून देवाचे फोटो पेनड्राइव्हवर घेऊन यायचा, त्यातूनच काहीतरी आत शिरलं होतं. एक पान उघडायला मला दळण होऊन येईपर्यंत वेळ लागायचा. पडद्यावर नको त्या बायांच्या जाहिराती नाचायच्या. भीमाबाई तोंड फिरवायची, म्हणायची, "ह्या कोन सटव्या?"

पंकजा म्हणाली, "पप्पा, राखणदार बसवावाच लागंल."

रामहरी ऐकेना. कुलूप म्हणजे कुलूप, मग ते लोखंडाचं असो का विजेचं. मायलेक दोघंही त्यावर ठाम.

रेश्मा कमी बोलणारी. दिवेलागणीला ती नेहमीसारखी चौकटीला फळी टेकवत होती. कवाड नसलं तरी कुत्रं आत शिरू नये म्हणून आमच्या गावात चौकटीला आडवी फळी लावतात. फळी टेकवता टेकवता ती म्हणाली, "आत्याबाई, मंग ही कशाला लावतो आपन?"

"कुत्रं भाकरी नेतंय म्हनून."

"कुत्र्याला देव दिसत न्हाई म्हनून," रेश्मा म्हणाली. "चोराला देवाचं भ्या असतं. ह्या संगणकात शिरत्यात त्यांना कोनाचं भ्या हाय? त्यांना शिंगणापूर तरी ठावं हाय का?"

भीमाबाई फळीकडं बघत राहिली. मग रामहरीला म्हणाली, "तुझ्या बायकूला अक्कल हाय. तू कुठं ठेवली तुझी?"

अशी राखणदार बसवायला परवानगी मिळाली. पण घाईत सोयरीक आणि पस्तावा दारात, तसं झालं. रामहरीच्या मित्रानं एक फुकटचा राखणदार पाठवला, पंकजाच्या मैत्रिणीनं दुसरा. दोन्ही बसवले. एका म्यानात दोन तलवारी. ते दोघं चोर सोडून एकमेकांनाच धरायला लागले आणि मी मधल्या मध्ये गुदमरलो. शेवटी पंकजानं कंटाळून दोघांनाही काढून टाकलं.

त्याच दुपारी पडदा लालभडक झाला. भोंगा वाजायला लागला. "तुमच्या संगणकात सतरा धोके आहेत. आम्हीच खरे रक्षक. लगेच इथे दाबा." खाली वेळ उलटी पळत होती, साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न. पोरीचा जीव यादीत अडकलेला. तिला वाटलं, आता दाबलं नाही तर सगळं जाईल.

मी थांबायला सांगू शकलो नाही. तिनं दाबलं.

चोर राखणदाराचा फेटा बांधून आला होता. घटकाभरात त्यानं माझ्या पोटातल्या एकेका वस्तूला कुलूप घातलं. देवाचे फोटो, कॉलेजचा अभ्यास, आणि ती यादी. वर चिठ्ठी ठेवली, पैसे पाठवा म्हणजे किल्ली देतो. ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या कुलूप ठाऊक नव्हतं, त्या घरात पहिलं कुलूप लागलं ते माझ्या पोटात.

पंकजानं दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या आरती मॅडमना घरी आणलं. संगणक शिकवतात त्या. त्यांनी चष्मा वर सरकवून खूप वेळ बघितलं. मग विचारलं, "यादीची दुसरी प्रत आहे का कुठं?"

नव्हती.

"मग हे उघडणार नाही, पंकजा. पैसे दिले तरी किल्ली देतील याचा भरवसा नाही, आणि देऊही नयेत. सगळं पुसून कोरं करावं लागेल."

पंकजा उठून मागल्या अंगणात गेली. त्या दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आजीच्या नजरेला नजर देईना. तीनशे आठ माणसांचे जन्म तिच्या एका बोटानं गेले होते.

भीमाबाई ताट घेऊन तिच्यापाशी जाऊन बसली. पडदा वाऱ्यानं सरकला होता, म्हणून मला दिसत होतं.

"माझ्या हातनं बी गेली हुती पोरं," भीमाबाई म्हणाली. "दोन. सगळं नीट करून बी गेली. मी म्हन्लं आता कुनाच्या कोपीत जानार न्हाई. तिसऱ्या दिवशी हाक आली. गेले. न जाऊन काय करती, त्या बाईला कोन हुतं? खा. पोटात काय असलं तर हात चालत्यात. आपल्याला पुन्हा लिहायचंय."

"तुला आठवंल का समदं?"

"न्हाई आठवलं तर जेवढं आठवलं तेवढं. पर आदी राखणदार बघू. ह्या बारीला घाई न्हाई करायची. पोरगी द्यायचीय असं समजून बघायचा."

आणि खरंच तसा बघितला. आरती मॅडम खुर्चीवर, भीमाबाई पाटावर, मी मध्ये नवरीसारखा गप्प.

"बाई, ह्यो कुनाच्या घरचा?"

"नाव-गाव असलेल्या कंपनीचा बघायचा, आजी. आणि तिच्याच जागेवरून घ्यायचा, वाटेत कुणी हातात कोंबलेला नाही. जो आपणहून दारात येऊन ओरडतो, तो घ्यायचाच नाही."

"बराबर. चांगलं स्थळ हलगी वाजवत येत न्हाई. आन् एकदा शिकला तेवढंच का रोज शिकतो?"

"रोज शिकला पाहिजे. चोर रोज नव्या वेषात येतात. इंटरनेट लावलं की त्याला नवी यादी येते. ती येऊ द्यायची, नंतर बघू म्हणून ढकलायचं नाही."

"खातो किती? आमचा डबा म्हातारा हाय."

"तेच बघणार आहे मी. हलका हवा. काही राखणदार एवढे जड असतात की चोर परवडला."

"आन् घरातलं भाईर सांगत फिरतो का?"

मॅडम हसल्या. "हे तर शिकलेली माणसंही विचारत नाहीत. फुकटचे काही सांगतात. अटी वाचून घ्यायच्या."

"आगं, सून करताना बी हेच इचारत्यात."

चुलीपासून रेश्मा म्हणाली, "मला तर भाकरी येती का एवढंच इचारलं हुतं."

"ती बी तुला येत नव्हती," भीमाबाई म्हणाली. "तरी घेतली. काय चुकलं का माझं?"

बघता बघता असं निघालं, की दुकानदारानं निजवून ठेवलेला माझ्या आतलाच राखणदार या घराला पुरेसा होता. नाव-गाव असलेला, हलका, रोज शिकणारा आणि एकटा. मॅडमनी मला पुसून कोरं केलं, त्याला जागं केलं आणि बजावलं, "दुसरा आणू नका. पेनड्राइव्ह आला की आधी याला बघू द्या. आणि राखणदार कितीही चांगला असला तरी यादी दोन जागी ठेवा."

"बियानं बी आमी एका कनगीत ठेवत न्हाई," भीमाबाई म्हणाली. "हितंच कसं इसरलो कोन जाने."

मला कोरं केलं, मग हे सगळं मला आठवतं कसं? माझं मला काही आठवत नाही. नागापूर, गोधडी, टेम्पो, लाल पडदा, सगळं भीमाबाईनं नंतर माझ्यासमोर बसून आल्यागेल्याला सांगितलं, पुन्हा पुन्हा, आणि मी ते ठेवून घेतलं. माझी आठवण तिची आहे. म्हणून बोलीही तिचीच.

पुन्हा त्या दुपारच्या बैठका सुरू झाल्या. या वेळी आजी सावकाश सांगायची. मध्येच अडायची. एखादं नाव ओठावर यायचं आणि परत जायचं, तेव्हा पंकजाचा हात माझ्यावर तसाच थांबून राहायचा. कधी रेश्मा भाजी निवडता निवडता म्हणायची, "आत्याबाई, ती मोळीवाली सुंदरा राहिली." ती घरातल्या घरात सगळं ऐकत आलेली. कधी एकाच पोराची तिथी दोनदा सांगताना वेगळी निघायची, मग पंकजा त्या गावी फोन लावून विचारायची. दिवसाच्या शेवटी यादीची एक प्रत मॅडमनी दिलेल्या पेनड्राइव्हवर जायची, आणि तो पेनड्राइव्ह तांदळाच्या डब्यात.

तीनशे आठ पुन्हा भरले. पंकजानं मोठा श्वास सोडला. "झाले, आज्जे."

भीमाबाई उठली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तीन हायेत आजून. पैल्या बारीला मी खोटं बोलले."

ते तीन तिच्या थोरल्या बहिणीचे होते. केशरबाईचे. केशरबाई दर साली याच शिवारात तोडीला यायची आणि तिची तिन्ही बाळंतपणं भीमाबाईनंच केलेली. त्यांची आईही सुईण होती. आई गेली तेव्हा दहाव्याच्या दिवशी तिच्या तांब्याच्या गडूवरून दोघी भांडल्या. त्याच गडूनं आई बाळंतिणीला ऊन पाणी घालायची. भीमाबाई म्हणाली, सुईणपण मी चालवते, गडू माझा. केशरबाई म्हणाली, आईला शेवटपातुर मी बघितलं, गडू माझा. केशरबाई गडू घेऊन गेली. सतरा वर्षं झाली, बोलणं नाही.

"पोरांनी काय केलं हुतं माझं?" भीमाबाई म्हणाली. "रागाच्या भरात मी त्यांचा जल्मच पुसून टाकला. मंग त्या चोरात आन् माझ्यात फरक काय राहिला? लिही. धाकला कानिफनाथ. रथसप्तमीच्या दिवशी, दुपारी. पायाळू. लई तरास दिला त्येनं."

पंकजानं लिहिलं. आणि कुणाला न विचारता त्या कानिफनाथाचा नंबर शोधून फोन लावला. तो नागापूरलाच निघाला, लेथ मशीनवर कामाला. पोरीनं सांगितलं, "काका, तुमचा जल्म एक जूनचा न्हाई. रथसप्तमीचा हाय. भीमाबाईनं सांगितलंय."

पलीकडं मशीन बंद झाल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मावशी माझं नाव घेती का आजून?"

पुढच्या शनिवारी घरासमोर टेम्पो थांबला. कानिफनाथानं एका वाकलेल्या म्हातारीला हाताला धरून उतरवलं. दिवसाची वेळ होती, फळी बाजूला होती, कवाड तर नव्हतंच. केशरबाई सरळ आत आली.

भीमाबाई पाटावरून उठली. पहिलं बोलली ती केशरबाई. "लई वाळलीस गं. सून जेवाया घालत न्हाई का?"

"तू आली न्हाईस तर कोन आग्रह करनार?" भीमाबाई म्हणाली, आणि बहिणीला हाताला धरून पाटावर बसवलं.

चहा झाला. केशरबाईला माझ्यासमोर आणून बसवलं. पंकजानं तिच्या तिन्ही पोरांची नावं वाचून दाखवली. म्हातारीनं माझ्या काचेवर हात फिरवला, जसा बाळाच्या टाळूवर फिरवतात. मग तिनं विचारलं, "आन् हिचा कुठाय? भीमीचा?"

पंकजानं यादी खालपर्यंत सरकवली. तीनशे अकरा माणसांचा जन्म सांगणाऱ्या भीमाबाईला स्वतःचा जन्म ठाऊक नव्हता. आधार कार्डावर एक जानेवारी आहे, तो काढणाऱ्याच्या मनचा.

"तुमाला कुनाला ठावं न्हाई?" केशरबाई म्हणाली. "मी सा वर्साची हुते. त्या साली पैलं मतदान झालं. बा बैलगाडी जुपून निघाला, आई पोटुशी, तरी म्हन्ली मला बी पेटीत चिठ्ठी टाकायचीय. ते थंडीत. आन् ही आली उन्हाळ्यात, आखितीच्या दुसऱ्या दिवशी, चिंचंखाली. मी पळत जाऊन सुईनीला आनलं. ऊन पानी ह्याच्यानंच घातलं."

असं म्हणून तिनं पिशवीतून तांब्याचा गडू काढला आणि भीमाबाईच्या मांडीवर ठेवला. "घे. माझ्या घरी नुसता पडून हुता."

पंकजानं जुन्या पंचांगात त्या सालची आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, शोधली. तारीख लागली. ती मी सांगत नाही, ती त्या घराची आहे. पण तीनशे बाराव्या ओळीत ती आहे, आणि तांदळाच्या डब्यातही आहे.

आता मी म्हातारा झालोय. पंखा घरघरतो. कधी ना कधी माझा दिवा विझेल आणि माझ्या जागी नवा कुणी येईल. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला एक राखणदार द्या, ओरडणारा नको, रोज शिकणारा द्या. आणि घरात कुणी आठवणीची कणगी असेल तर ती भरलेली आहे तोवर तिच्यापाशी बसा.

यंदा आखितीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दारात चार टेम्पो उभे राहिले. जामखेडकडची, पाथर्डीकडची माणसं, सगळी तिच्या हातावर जन्मलेली. रेश्मानं दोन पायल्यांचं पुरण घातलं. केशरबाईनं गडूनं बहिणीच्या डोक्यावर ऊन पाणी घातलं, चौऱ्याहत्तर वर्षांनी पुन्हा. पंकजाला तालुक्याच्या दवाखान्यात जन्माच्या नोंदी करायचं काम लागलं, तेही त्याच आठवड्यात. जसं भीमाबाईला तिचं माणूस आणि तिचा दिवस सापडला, तसा तुम्हाला तुमचा सापडो. दिवेलागणीला रेश्मानं चौकटीला फळी टेकवली, माझ्या काचेच्या कोपऱ्यात राखणदार जागा असल्याची हिरवी खूण लागली, आणि घर भरलेलं राहिलं.